अनंतकाकांना शब्द पुरवू नये

पेडण्यातले आमचे शेजारी अनंतकाका अडखळत बोलतात. पण त्यांना शब्द पुरवू नये. पुरवलात, तर ते मुद्दाम दुसराच म्हणतात. सकाळी पाववाला पोदेर सायकलवरून येतो. काका पिशवी पुढे करतात. "प-प-प..."

"पोई?"

"उंडे!" काका ठणकावतात. मग आवडती मऊ पोई निघून जाते आणि काका दिवसभर कडक उंडे चावत बसतात.

हा माणूस बायकांच्या धालो नाचाची गाणी गोळा करायला निघाला, तेव्हा त्याचा थोरला भाऊच म्हणाला होता, "ह्यो काय विचारतलो? प्रश्न पुरो जाय तवसर गाणारी म्हातारी मरतली!"

झालं उलटंच. पौषात रांगा धरून धालो म्हणणाऱ्या आमच्याकडच्या बायकांना शांतता सोसवत नाही. काका "ह्या ग-ग-" वर अडकले, की समोरची आजी आपणहून सुरू होई. गाणं कुणाकडून शिकली, सासूसमोर कुठलं म्हणत नसे, आणि का. काकांना विचारायला सुचलंही नसतं असं सगळं. आज धालोचे अभ्यासक कुठून कुठून येतात, ते काकांच्याच ओसरीवर टेकतात.

त्यांच्या जुन्या कॅसेट मी संगणकावर उतरवते. माझी शाळा इंग्रजी, त्यामुळे मराठीत मीही अडते. काका शब्द सुचवत नाहीत. छताकडे बघत थांबतात.

कॅसेट ग्रंथालयाला द्यायच्या ठरल्या, तेव्हा काकांनी हुकूम सोडला. "माझां त-तोतरेपण सगळां क-काप. लोकांनी गाणी आयकूंक होयी, माका न्हय."

मी कापत गेले. मग डिचोलीची एक कॅसेट लागली. काकांचा तरुण आवाज, "तुझां न-न-न..." बायका खिदळल्या. त्यातून एक कोवळा आवाज आला, "गप रवा गे! सांगूं दे तेका."

मग नुसती शांतता. लांब कुठेतरी कोंबडा आरवला.

"...नाव?"

"शेवंती."

शेवंतीकाकू, काकांची बायको. गेल्याच वर्षी वारल्या.

मी कर्सर त्या अडखळण्यापासून 'नाव'पर्यंत ओढला. मागे उभ्या काकांनी हात वर केला. "ह-ह्या ठेव."

"पण तुम्हीच म्हणालात, अडखळणं..."

"अडखळणां होयां तर क-काप. मधलां..." ते अडले. मी छताकडे बघत राहिले.

"मधलां थांबणां म-माझां न्हय. त-तिचां."