डावा कान आणि मोठा आ

मोठीने सूर वर नेला, जबडा खाली गेला, आणि डाव्या कानातलं यंत्र हळूच बाहेर सरकून तिच्या खांद्यावर लोंबकळू लागलं. मास्तरांनी कीबोर्डवरचे हात उचलले. ड्रमवाल्याने काठ्या मांडीवर ठेवून चहाचा कप हातात घेतला, कारण आता बराच वेळ लागणार हे त्याला अनुभवाने ठाऊक झालं होतं. त्या सकाळी असं कितव्यांदा झालं, याची मोजदाद सगळ्यांनी केव्हाच सोडून दिली होती.

त्या ऑर्केस्ट्रात गायिका दोन. एक मोठी आणि एक धाकटी. नावं दोघींनाही होती, पण तालमीत तेवढा वेळ कोणाला? सुरुवातीचं गाणं पहिल्यापासून मोठीचं. पडदा वर जायचा, अंधारातून तिचा लांबलचक आलाप यायचा आणि खुर्च्यांवर चुळबुळणारी माणसं गप्प व्हायची. मग ती बाळंतपणासाठी घरी बसली. तेवढ्यात मास्तरांनी गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून पायांपाशी ठेवायचे जुने काळे खोके काढून टाकले आणि त्यांच्या जागी कानात घालायचे मॉनिटर आणले. शेंगदाण्याएवढं यंत्र, टोकाला रबराची मऊ टोपी आणि कानामागून कमरेच्या डबीपर्यंत गेलेली तार. टोपी कानात घट्ट बसली की सगळी वाद्यं आणि स्वतःचा सूर डोक्याच्या मधोमध ऐकू येतो. बारीकशी फट राहिली, तर सगळा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो आणि गाणाऱ्याची गत अंधारात जिना उतरणाऱ्यासारखी होते. पाय पुढे टाकायचा, पायरी असली तर नशीब.

मोठी बाळाला घरी ठेवून परत आली, तर हे नवं प्रकरण दारात उभं.

मास्तर उठले. यंत्रं ते कोणालाही स्वतःच्या हाताने घालू देत नसत. फार महागाची वस्तू आहे, असं ते म्हणत. ज्याच्या कानात बसवायचं त्याला ते समोर उभं करत, कानाची पाळी वर ओढत आणि लहान मुलाला औषध पाजणाऱ्याच्या आवाजात सांगत, "तोंड मीट. हलू नकोस." तोंड मिटल्यावर यंत्र कसं छान बसायचं. मास्तर खूश व्हायचे. मोठीने गायला तोंड उघडलं की ते सुटायचं.

"धाकटीचं बघ, जागचं हलत नाही," मास्तर म्हणाले. "तू तोंड जरा कमी उघडत जा."

"कमी म्हणजे किती?"

"म्हणजे असं, नाजूक."

मोठी म्हणाली, "मास्तर, आवाज मोठा आहे. त्याला दारही मोठंच लागतं."

ड्रमवाल्याला चहाचा ठसका लागला. मास्तरांना मात्र हसू आलं नाही. त्यांनी तिला बाजूला घेतलं आणि फार मायेने सांगितलं की आता घरी लेकरू आहे, झोप होत नसेल, ओढाताण होत असेल. तेव्हा रविवारच्या कार्यक्रमात यंत्र बसलं तर उत्तम. नाही बसलं, तर सुरुवातीचं गाणं धाकटीच म्हणेल. मोठीने मागे उभं राहून कोरसमध्ये साथ द्यावी. तिथे तोंड कितीही उघडलं तरी चालतं.

शिव्या दिल्या असत्या तर एक वेळ तिने गिळल्या असत्या. ही माया काही तिच्या घशाखाली उतरेना. तिने मास्तरांच्या हातातून रबरी टोप्यांची डबी काढून घेतली, आपल्या यंत्रासकट आणि कमरेच्या डबीसकट पर्समध्ये टाकली आणि म्हणाली, "रविवारी बघा."

घरी डबी टेबलावर उघडली आणि अख्खं घर तिच्याभोवती गोळा झालं. लहान, मध्यम, मोठी अशा तीन मापांच्या टोप्या होत्या, एकावर एक चढवलेली तीन मजली टोपी होती आणि स्पंजाची एक जोडी होती. सासऱ्यांची सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात गेलेली. त्यांच्या मते जगातली कुठलीही अडचण शेवटी वॉशरपाशी येऊन थांबते. त्यांनी एक टोपी चष्म्यापाशी धरली, दाबली, सोडली आणि निकाल दिला की गळती आहे, माप वाढवा. सासूबाई म्हणाल्या की कान कोरडा पडलाय, दोन थेंब कोमट तेल सोडा. नवऱ्याने औषधांच्या खोक्यातून चिकटपट्टी आणली.

हट्टाला पेटलेल्या माणसाने करायचं ते सगळं मोठीने केलं. माप वाढवलं, तर कान ठणकायला लागला. तीन मजली टोपीतले दोन मजले आत गेले आणि तिसरा बाहेरच राहिला. तेल घातल्यावर यंत्र घसरगुंडीवरून सुटल्यासारखं बाहेर आलं, आणि तेही गाणं सुरू व्हायच्या आधी. शेवटी तिने नवऱ्याची चिकटपट्टी कानावरून गालापर्यंत लावून घेतली आणि आलाप घेतला. यंत्र टिकलं. पट्टी काढताना मात्र तिच्या कानामागचे सगळे बारीक केस पट्टीबरोबर गेले, आणि त्या वेळी तिने जो सूर लावला तो नेहमीच्या आलापापेक्षाही चढा होता. पाळण्यातल्या ठमीने त्याला तितक्याच चढ्या आवाजात साथ दिली.

राहता राहिला स्पंज. तो बोटांत वळून बारीक करायचा, पटकन कानात सरकवायचा आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचा. तो फुगला. इतका छान फुगला, की बाहेरचं सगळं जग बंद झालं. मोठीने पोटभर तोंड उघडून गाणं म्हटलं आणि यंत्र तसूभर हललं नाही. ती विजयी मुद्रेने घरभर एक चक्कर मारून आली. मग यंत्र काढायला गेली, तर यंत्र हातात आलं आणि स्पंज आतच राहिला.

सासरे चिमटा घेऊन पुढे आले. सासूबाईंनी त्यांना मागे ओढलं. सगळी वरात कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे निघाली, ठमीसकट, कारण तिला ठेवायचं कोणाजवळ? घरातला प्रत्येक जण तर डॉक्टरीणबाईंना आपापली बाजू सांगायला निघाला होता.

डॉक्टरीणबाईंनी स्पंज एका झटक्यात काढला आणि ट्रेमध्ये ठेवला. कान ठणठणीत आहे म्हणाल्या. मग स्वतःचं बोट कानाजवळ धरून त्यांनी दाखवलं, की जबडा हलला की कानातली वाटही हलते, कोणाची कमी, कोणाची जास्त. मोठीची बरीच हलते.

"मग मी करू काय?" मोठीने विचारलं.

"गप्प बसलात तर काहीही बसेल."

नवरा हसला. मोठीने त्याच्याकडे असं पाहिलं, की उरलेलं हसू त्याने खोकल्यात जिरवलं. घरी परत येताना ठमीला कडेवर घेण्याची पाळी त्याची नव्हती, तरी त्याने घेतली.

शनिवार उजाडला. सासूबाई बाहेर गेल्या होत्या, नवरा कामावर. मोठी ठमीला उकडलेलं सफरचंद कुस्करून भरवत होती आणि दुसऱ्या हाताने मध्यम मापाची टोपी चढवलेलं यंत्र कानात कोंबत होती, कारण निवांत वेळ मिळण्याची वाट पाहायची तर ठमी शाळेत जाईपर्यंत थांबावं लागलं असतं. आता बाळाच्या तोंडापाशी चमचा नेताना आईचं तोंड काय करतं, हे सांगायला नको. ते आपोआप उघडतं. तिकडे ठमीने आ केला. इकडे मोठीनेही आ केला. आणि तसाच आ वासलेला असताना यंत्र आत गेलं.

गेलं ते राहिलं. मोठीने तोंड मिटलं, उघडलं, जांभई दिली. ठमीने खुदकन हसून दाखवलं, म्हणून आणखी एकदा मोठी जांभई दिली. यंत्र जागच्या जागी. डॉक्टरीणबाईंनी बोटाने दाखवलेली ती हलणारी वाट तिच्या डोळ्यांपुढे आली आणि तिला एकदम उलगडलं. मास्तर ते मिटलेल्या तोंडाच्या मापाने बसवत होते, आणि गायचं उघड्या तोंडाने. बसताना घेतलेल्या मापाची पँट घालून पळायला लावावं, तसा हा प्रकार.

तिने दुसऱ्या कानातही तसंच आ वासून यंत्र बसवलं, कमरेला डबी लावली, ती मोबाइलला जोडून तालमीचं संगीत सुरू केलं आणि गायला लागली. बास पोटात घुमत होता, स्वतःचा सूर आरशात दिसावा तसा समोर होता. काचेच्या दाराबाहेर गॅलरीत सासरे झाडांना पाणी घालत होते. ते वळून तिच्याकडे बघू लागले. मग त्यांनी काचेवर टिचक्या मारल्या. मग तळहात आपटला. सासरे कधी नव्हे ते ताल धरताहेत हे पाहून मोठीला भरून आलं. तिने त्यांच्याकडे बघत दुसरं कडवं घेतलं. सासऱ्यांनी दोन्ही हात डोक्यावर नेले. तिने तिसरं घेतलं. ठमी टाळ्या पिटत होती.

गॅलरीच्या दाराची कडी आतून पडली होती, हे सासूबाई घरी परतल्यावर उघडकीला आलं. सासरे आत आले ते घामाघूम. मोठी कानातलं काढून माफी मागायला पुढे झाली, पण त्यांनी हात वर करून तिला थांबवलं.

"मी बाहेर घसा फोडत होतो. काहीच ऐकू आलं नाही?"

"काहीच नाही हो, बाबा."

"मग गळती बंद आहे," असं म्हणून ते पंख्याखाली जाऊन बसले. त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी वर्षांनी एखादं काम पुरं झाल्याचं समाधान होतं.

रविवारी पडदा वर जायच्या आधी मास्तर नेहमीप्रमाणे विंगेत यंत्रं बसवत फिरत होते. मोठीने परत आणून दिलेलं यंत्र घेऊन तिच्यासमोर आले.

"तोंड मीट."

"नाही."

मास्तरांना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. मोठीने त्यांच्या हातातून यंत्र घेतलं आणि त्यांच्याकडे रोखून बघत तोंड उघडलं. नाजूक वगैरे नाही, दाढा दिसतील एवढं. विंगेतली सगळी माणसं बघत राहिली. पडदा ओढणारा दोरी हातात धरून बघत राहिला. मोठीने कानाची पाळी वर ओढली, यंत्र फिरवून आत सारलं, मग दुसरं सारलं, आणि त्यानंतरच तोंड मिटलं. मास्तर मान हलवत कीबोर्डकडे गेले. धाकटी आपला माइक छातीशी धरून उभी होती. तिला नेमकी कोणाची काळजी वाटत होती, ते तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

अंधार झाला. मोठीने आलाप सुरू केला. तो वर चढू लागला, तसा तिच्या दोन्ही कानांत मास्तरांचा आवाज आला. कीबोर्डपाशी त्यांचा एक छोटा माइक असे, त्यातलं बोलणं प्रेक्षकांना नाही, फक्त मंचावरच्यांच्या कानात जाई.

"धाकटी, तयार राहा," मास्तर कुजबुजले. "आता हिचं सुटेल. सुटलं की गाणं तू उचल."

तालमीत याच जागी मोठीचा डावा कान रिकामा होत असे आणि उजव्यातही फट पडून बोललेलं कळत नसे. तिला हे ऐकू जाईल, असं मास्तरांच्या ध्यानीमनीही नव्हतं. मोठीने गाता गाता मान वळवली आणि त्यांच्याकडे पाहिलं. मास्तरांचे ओठ माइकपाशी तसेच राहिले. मग तिने शेवटचा सूर लावला, पूर्ण जबडा सोडून, आणि जिथे तो संपायचा तिथे संपवलाच नाही. ड्रमवाल्याच्या काठ्या हवेत थांबल्या. मास्तरांची बोटं पट्ट्यांवर अधांतरी राहिली. सूर सभागृहाच्या पार मागच्या भिंतीपर्यंत गेला, तिथे मनसोक्त राहिला, आणि तिला वाटलं तेव्हाच परत आला. टाळ्या कानातल्या यंत्रालाही दाद देईनात, इतक्या मोठ्या होत्या.

मध्यंतरात धाकटी सगळ्यात आधी आली. खाली बघत म्हणाली, "ताई, माझंही सुटतं. म्हणून मी तोंडच उघडत नाही. मला वाटायचं, मलाच जमत नाहीये."

"उघड," मोठी म्हणाली. धाकटीने उघडलं. मोठीने तिच्या कानात यंत्र बसवून दिलं आणि धाकटीने तिथल्या तिथे असा एक सूर लावला, की सगळ्यांनी वळून पाहिलं. एवढा आवाज त्या मुलीत आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. तिला स्वतःलाही नाही.

मग कोरसमधले दोघे आले. मग ड्रमवाला आला. तो गात नसे, पण वाजवताना त्याचं तोंड उघडं राहतं आणि आपण आजवर निम्मा कार्यक्रम अंदाजाने वाजवत आलो, हे त्याने पहिल्यांदाच कबूल केलं. विंगेत घरट्यातल्या पिलांसारखी चोची उघडून रांग लागली आणि मोठी एकेकाच्या कानात यंत्र सारत पुढे सरकत राहिली.

रांग संपली. शेवटी मास्तर उभे होते. त्यांचा डावा कान रिकामा होता आणि यंत्र मुठीत. दुसऱ्या भागात त्यांचं स्वतःचं एक गाणं होतं.

"माझंही जरा," ते इकडेतिकडे बघत म्हणाले.

"तोंड उघडा."

त्यांनी उघडलं.

"अजून. गाताना उघडता ना, तेवढं."

त्यांनी अजून उघडलं. मोठीने त्यांची पाळी वर ओढून धरली, यंत्र कानाच्या दारात नेलं आणि तिथेच थांबवलं.

"पुढच्या प्रत्येक कार्यक्रमात सुरुवातीचं गाणं माझं," ती अगदी मायेने म्हणाली. "आणि दुसरं धाकटीचं. तुमचं काही म्हणणं आहे का?"

"आ," मास्तर म्हणाले.

"ठरलं तर मग," असं म्हणून मोठीने यंत्र आत सारलं.