वेगळ्या गल्लीची जोडी

दोन माणसं एका बाकड्यावर चहा पिताना दिसली की आमचे शेजारी विठ्ठल गुरुजी आधी विचारतात, "एकाच गल्लीतली का वेगळ्या?" गणिताचे मास्तर म्हणून ते निवृत्त झाले, पण गणितानं त्यांना अजून सोडलेलं नाही.

बेंबळीजवळच्या आमच्या गावात गल्ल्या दोन, वरची आणि खालची. जत्रेला देवीपुढं गव्हाची खीर शिजते. कढई हलवायला समोरासमोर दोन माणसं लागतात. वरच्या गल्लीचे सहा आणि खालच्या गल्लीचे चार, अशा दहा जणांच्या चिठ्ठ्या घागरीत टाकून गुरव दोन काढतो. चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडं. त्यामुळं गुरुजींचा पहिला संशय माझ्यावर.

"सुभाष, वेगळ्या गल्लीच्या जोड्या किती? सहा चोक चोवीस. वरच्यांच्या आपसात पंधरा, खालच्यांच्या सहा, म्हंजी एकवीस. चोवीस जास्त का एकवीस? तरी तीन वर्षं एकाच गल्लीची जोडी निघती."

"देवीची इच्छा, गुरुजी."

"देवीला गणित येतं. तुझंच मला सांगता येत न्हाय."

ते चिठ्ठ्या उन्हात धरून बघायचे, घड्या तपासायचे. एकदा तर वास घेतला. "डिंक लावलास व्हय रे?"

मीही काही कमी नव्हतो. म्हातारा एवढा मागं लागलाय म्हणजे ह्यालाच काहीतरी साधायचंय, पंचायतीला उभा राहायचा बेत दिसतोय, असं मी दोन्ही गल्ल्यांत सांगत फिरलो. आता हे लिहितानाही मन खातं.

यंदा पहिलीच चिठ्ठी गुरुजींची निघाली. ते माझ्या कानाशी पुटपुटले, "राहिले नऊ. नवात एक."

"एक कसा? खालच्या गल्लीचे चार हायत की."

"मला चारांचं काय करायचंय?"

ते समोर बघत होते. तिथं खालच्या गल्लीच्या त्या चौघांत त्यांचा धाकटा भाऊ महादू उभा होता. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांचं बोलणं कधी तुटलं, तेही गाव विसरून गेलं होतं. मीसुद्धा.

गुरवानं दुसरी चिठ्ठी उघडली. माझी निघाली.

"परत एकच गल्ली," गुरुजी म्हणाले. या खेपेला त्यांनी घडी तपासली नाही.

मी लाकडी उलथनं उचललं आणि लगेच खाली ठेवलं. "माझा खांदा धरलाय. महादूकाका, तुम्ही धरा तेवढं." देवीच्या समोर उभा राहून खोटं बोललो.

गुरुजींनी माझ्याकडं रोखून पाहिलं. "सकाळी तर गॅसचा सिलेंडर खांद्यावर नेलास."

मी कढईकडं बघत राहिलो. महादूकाका पुढं आले. दोघं समोरासमोर खीर हलवू लागले. वारा फिरला आणि सगळा धूर महादूकाकांच्या तोंडावर गेला.

गुरुजींनी हात थांबवला. "माझ्या जागी ये. तिकडं धूर लई हाय. डोळ्याचं आपरेशन झालंय तुझं."

महादूकाकांनी डोळे बारीक करून, अगदी थोरल्या भावासारखंच, संशयानं विचारलं, "कुणी सांगितलं, दादा?"