दळवी मावशी विचारतात

आमच्या ठाकुर्लीच्या बिल्डिंगमध्ये कुणाला दिवस गेले की तिच्या सासूच्याही आधी दळवी मावशींना कळतं. मग त्या तिच्याबरोबर तपासणीला जातात. बोलावलेलं नसतं. पेशंट खुर्चीवर टेकायच्या आत मावशींचा पहिला प्रश्न डॉक्टरांच्या टेबलावर पडलेला असतो.

"पोरी तिथे लाजतात आणि घरी येऊन शेजारणीला विचारतात. शेजारीण काय डॉक्टर आहे? विचारायला काय जातंय?"

मावशी स्वतःच शेजारीण आहेत, हे त्यांना सांगायची माझी हिंमत नाही.

माझ्या बायकोच्या, प्राचीच्या वेळी मीही सोबत गेलेलो. मावशींनी पपईपासून सुरुवात केली. मग पायांची सूज, मग जळजळ. "केशर-दुधानं बाळ गोरं होतं का?" डॉक्टर नाही म्हणाल्या. "ऐकलंस?" मावशी माझ्याकडे वळल्या. "तुझ्या आईला सांग. आणि आता याचा प्रश्न."

"माझा काही प्रश्न नाहीये!"

"आहे. लाजतोय. डॉक्टर, नवरा-बायकोनं जवळ यायला हरकत नाही ना?"

दार उघडं होतं. बाहेरच्या बाकांवरची कुजबुज एकदम थांबली. "यांच्या बाबतीत काही हरकत नाही," डॉक्टर हसू दाबत म्हणाल्या. मी मान खाली घालून बाहेर आलो, तर एक अनोळखी गृहस्थ हळूच म्हणाला, "थँक्यू, दादा. आता आम्हीपण विचारतो."

त्या दिवसापासून मी मावशींना पाहिलं की लिफ्ट सोडून जिन्यानं जायला लागलो.

सातव्या महिन्यात सोसायटीच्या हॉलमध्ये डोहाळजेवण होतं. प्राची हिरव्या साडीत, फुलांचे दागिने घालून झोपाळ्यावर. पुढ्यात झाकलेल्या दोन वाट्या, एकीत बर्फी, एकीत पेढा. ती कुठली उघडते त्यावरून मुलगी की मुलगा हे बायका ठरवणार. मी फोटोसाठी फुलांचं धनुष्य हातात धरून उभा.

"अरे, बाळ सकाळपासून हललंच नाहीये," प्राची माझ्या कानात म्हणाली.

आणि मी, वागळे इस्टेटमधला क्वालिटी इन्स्पेक्टर, काय म्हणालो? "अगं, गडबडीत कळलं नसेल. एवढा फोटो होऊ दे."

मावशी पाठीमागेच होत्या. "ऊठ, प्राची."

"मावशी, निदान तिला वाटी तरी उघडू द्या. पाहुणे खोळंबलेत."

"पाहुण्यांना वाढायला सांग. रिक्षा बोलाव."

रिक्षात मी तरीही बडबडत होतो. भीती वाटली की मी फार बोलतो. "झोपलं असेल हो मावशी. बाळं झोपतात ना?"

"माझंही झोपलंय असंच सगळे म्हणाले होते," मावशी म्हणाल्या. "मोठी माणसं होती. मीही गप्प बसले. डॉक्टरकडे नेलं तेव्हा उशीर झाला होता."

प्राचीनं त्यांचा हात धरला. मी रिक्षावाल्याला जोरात घ्यायला सांगितलं.

हॉस्पिटलात तिला तशीच, फुलांच्या मुकुटासकट, आडवी केली. पोटावर पट्टे बांधले. नर्सनं माझ्याकडे पाहिलं आणि "हे बाहेर ठेवा" म्हणाली. धनुष्य अजून माझ्या हातात होतं.

आणि मग मशीनमधून आवाज आला. धडधड, धडधड, घोडा उधळल्यासारखा. थोड्या वेळानं आतून एक लाथही बसली. प्राची रडता रडता हसायला लागली.

"सगळं छान आहे," डॉक्टर ग्राफ पाहून म्हणाल्या. "लगेच आलात ते बरं केलंत. पुन्हा हालचाल कमी वाटली, तर अशाच निघून या. वाट बघायची नाही." त्या पट्टा सोडायला वाकल्या.

"डॉक्टर, एक विचारू?" मावशी म्हणाल्या.

मी सवयीनं डोळे मिटून घेतले. दार आजही उघडंच होतं.

पण मावशींचा आवाज मला जेमतेम ऐकू आला. "अजून थोडा वेळ ऐकू का?"

डॉक्टरांनी पट्टा तसाच ठेवला. मशीनचा आवाज थोडा मोठा केला, आणि मावशींसाठी स्टूल पुढे ओढलं.