चांगुणाबाईंचा आठ मिनिटांचा फोटो

हसनाबादच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या देवानंद सरांनी एक दिवस ठरवलं, आईचा फोटो काढायचा तर स्वतः बनवलेल्या कॅमेऱ्यानंच. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्याला सुईनं भोक पाडलं, आत फोटोचा कागद चिकटवला, झाला कॅमेरा! चांगुणाबाई एकोणीस वर्षांपूर्वी नवरा गेला तेव्हापासून फोटोला बसल्या नव्हत्या. सरांनी महिनाभर गळ घातली, तेव्हा म्हणाल्या, "एकदाच बसंन. परत म्हणू नको."

आधी लिंबाच्या झाडाचा फोटो काढून पाहिला. फोटोवर ताक सांडल्यागत पांढुरकं आलं. कारण सरांना बराबर उमगलं: भोकातून आलेला उजेड चकचकीत पत्र्यावर आपटून आतल्या आत उड्या मारत होता. त्यांनी आतून काळा ऑईलपेंट मारला. तो वाळल्यावर इतका चमकला की त्यात दाढी करावी (चेहरा फारसा बघण्यासारखा नव्हता, ती गोष्ट वेगळी). या भानगडीत कागद संपत आले. उरले एकाच फोटोपुरते दोन: एक डब्यात उलटा फोटो घ्यायला, एक त्यावरून सुलटा छापायला.

मग फळीवरची आईची मिसरीची डबी दिसली. भाजून कुटलेली तंबाखू. काळीकुट्ट, खरबरीत, चमक बिलकुल न्हाई! सरांनी डब्याला डिंक फासला आणि सगळी मिसरी आत भुरभुरली. सात शिंका आल्या.

"अहो, आत्याबाईंचा दिवस उजाडत न्हाई मिसरीबिगर," बेबीनंदा, म्हणजे त्यांची बायको, म्हणाली.

"एक सकाळ न्हाई लावली तर काय होतं?"

रविवारी चांगुणाबाई पांढरं लुगडं नेसून ओसरीत खुर्चीवर बसल्या.

"आई, आठ मिनटं हलायचं न्हाई, बोलायचं न्हाई."

सरांनी भोकावरची पट्टी काढली, डबा हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरला आणि डोळे मिटून आकडे मोजू लागले. (आईकडं पाहिलं की हसू येऊन आकडा चुकायचा.) चारशे ऐंशीला डोळे उघडले. आई खुर्चीवर ताठ बसलेली. सरांना भरून आलं.

न्हाणीत लाल दिवा लावून कागद धुतले. फोटो उमटला, आणि काय उमटला! खुर्चीची पट्टी न् पट्टी, भिंतीची भेग, मागची सायकल, सगळं लख्ख. पांढुरकेपणाचा मागमूस नाही. आईचाही नाही.

"आई, तू हलली होतीस का?"

"न्हाई बा. तू पट्टी काढली, फोटो निघाला. मंग मिसरी हुडकाया गेल्ते. सापडंना, म्हणून येऊन बसले."

"सांगायचं तरी!"

"बोलू नको म्हणलास तूच."

सरांनी मिसरीचं कबूल केलं. बेबीनंदा तोंडाला पदर लावून आत पळाली. चांगुणाबाई रागावल्या नाहीत. त्यांनी फोटो उजेडात लांब धरून पुष्कळ वेळ पाहिला.

"मी गेल्यावर घर असं दिसंल, व्हय?"

 याच भीतीनं तर सरांनी हा सगळा खटाटोप केला होता.

"असं नको ना म्हणू, आई."

"लाव भिंतीला. लेकरानं मेहनत घेतली."

फोटो लागला. सोमवारी मुख्याध्यापक अप्पाराव चहाला आले. चष्मा कपाळावर सरकवून, हात मागं बांधून त्यांनी फोटो गंभीरपणे न्याहाळला.

"झकास काम आहे, सर," ते म्हणाले. "पण इतका खटाटोप केलाच होता, तर खुर्चीवर कोणाला तरी बसवायचं की!"