खाण बंद कधी होणार?

सगळं त्या हेल्मेटमुळे झालं. तरी बायको म्हणालीच होती, "अहो, नको तिथे हात लावू नका." पण ऐकेन तर मी कसला!

सासूबाई पहिल्यांदाच आमच्याबरोबर सहलीला आल्या होत्या. सासरे गेल्यापासून त्या घराबाहेरच पडत नव्हत्या. बायकोने महिनाभर मनधरणी करून त्यांना आणलं आणि मला बजावलं, "आईला टोचेल असं काही बोलायचं नाही. एकदा परत गेली ना, तर पुन्हा यायची नाही." मी शब्द दिला. (माझ्या शब्दाची किंमत बायकोला ठाऊक आहे. तरी मागते बिचारी.)

गाव मात्र झकास. खाली निळाशार समुद्र, वर कडे आणि कड्यांच्या पोटात जुनी तांब्याची खाण. ती बंद पडून जमाना झाला, पण आता तिकीट लावून आत सोडतात. (म्हणजे बंद पडलेली खाण रोज संध्याकाळी पुन्हा बंद होते.)

आल्यापासून सासूबाई दोन घासांवर उठत होत्या. "भूक नाही," म्हणायच्या आणि ताट माझ्याकडे सरकवायच्या. आणि मी, सांगायलाही लाज वाटते, त्यांच्या वाटणीचे तळलेले मासे फस्त करत होतो. वर "समुद्राची हवा मानवली नसेल," असं निदानही केलं.

तर खाणीत एका कोपऱ्यात मजुरांचे प्लास्टरचे पुतळे मांडलेले. शेजारी खुंटीला हेल्मेट. दोघी मागे रेंगाळल्या होत्या. मी हेल्मेट चढवलं, पुतळ्यांत घुसलो आणि श्वास रोखून उभा राहिलो. जवळ आल्या की "भॉ" करायचं, एवढाच बेत. (वय वर्षं पंचावन्न.)

दोघी नेमक्या माझ्यासमोर थांबल्या. सासूबाईंनी बायकोचा हात धरला.

"उद्या मला गाडीत बसवून दे. मी जाते घरी."

"अगं आई, झालं काय?"

"परवा, आलो त्याच दिवशी, जावईबापू फोनवर कुणाला तरी विचारत होते, 'खाणं बंद कधी होणार? संध्याकाळी सहापर्यंत चालूच? कमाल आहे!' माझं खाणं डोळ्यांवर येतं गं त्यांच्या. तेव्हापासून घशाखाली घास उतरत नाही."

तो फोन मी खाणीच्या तिकीटखिडकीला केला होता! धरणी पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण मी आधीच तिच्या पोटात उभा होतो.

"आई, खाण! खाणं नव्हे, खाण!" मी ओरडलो.

पुतळा बोलला म्हटल्यावर मागची माणसं किंचाळत पळाली. मी माफी मागायला पुढे झालो, हेल्मेट डोळ्यांवर आलं आणि शेजारच्या पुतळ्याला घेऊन मी आडवा झालो. धावत आलेल्या रखवालदाराने आधी पुतळ्याला उचललं.

मग बाहेरच्या हॉटेलात मी स्वतःच्या हाताने सासूबाईंना वाढलं. मान वर करायची हिंमत नव्हती. "चुकलो, आई. तुम्ही उपाशी, आणि मी बकाबका खात सुटलो."

त्या पोटभर जेवल्या, "राहते आता," म्हणाल्या. बायकोचा जीव भांड्यात पडला. मलाही जरा धीर आला.

"पण आई, सगळे किंचाळले, तुम्ही कशा नाही दचकलात?"

"पुतळ्यांसमोर आल्याआल्याच तुम्हाला ओळखलं होतं, म्हणून तर बोलले," सासूबाई हात पुसत म्हणाल्या. "बाकीचे सगळे खाणीतले दिसत होते, जावईबापू. तुम्ही एकटेच खाण्यातले."