‘घ’चा ‘च’

शिवणकाकूंचा ब्लॉग वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते आणि त्यातले निम्मे नात्यातले होते. काकू घरीच कपडे दुरुस्त करायच्या: पँट आखूड करणं, चेन बदलणं, पडदे शिवणं. जगाबद्दल त्यांची मतं भरपूर होती, म्हणून त्यांनी ‘उलटी शिवण’ नावाचा ब्लॉग सुरू केला होता. जगाला मात्र त्या मतांची मुळीच घाई दिसत नव्हती.

"मावशी, तू पडद्यांच्या चुण्यांवर लिहितेस," भाची फोनवर म्हणाली. "चुण्यांसाठी कोण थांबतंय? लोकांना खरं हवं असतं. घरातलं. कुणी सांगत नाही ते. एकदा खरं लिहून बघ, माणसं चिकटून बसतील."

"खरं हवंय होय? मग घ्या म्हणावं!" काकू म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

काकूंचे हात नेहमी मशीनवर अडकलेले असत. त्यामुळे त्या फोनसमोर बोलायच्या आणि फोन टाइप करायचा. त्या दिवशी समोर जाड जीनची पँट होती, मशीन खडखडत होतं आणि काकू तावातावाने खरं बोलत होत्या. बोलून झाल्यावर त्यांनी न वाचताच बटण दाबलं. स्वतःच्या खरेपणावर त्यांचा इतका विश्वास होता.

त्यांना लिहायचं होतं की आमचे हे रोज रात्री घोरतात. खडखडाटात फोनला ऐकू आलं ‘चोरतात’. मराठीत एकेकाळी ‘ध’चा ‘मा’ झाला होता, इथे ‘घ’चा ‘च’ झाला. पुढचा मजकूर फोनने अगदी इमानाने उतरवला होता:

"आमचे हे रोज रात्री चोरतात. इतकी वर्षं मी हे झाकून ठेवलं. सकाळी विचारलं की कानांवर हात ठेवतात. सासरेही तसलेच होते, म्हणजे रक्तातच आहे. पूर्वी प्रकरण घरातल्या घरात होतं, आता शेजाऱ्यांपर्यंत पोचलंय. मी कोपर मारलं की थांबतात, पण तेवढ्यापुरतंच."

दुपारी काकूंनी फोन उघडला, तर वाचकांची ही झुंबड. ‘ताई, तुमच्या हिमतीला सलाम!’ ‘इतकं खरं आजवर कुणी लिहिलं नाही.’ ‘कोपर मारून भागणार नाही, पोलिसांत जा.’ एका बाईने तर मन मोकळं केलं होतं: ‘आमचेही चोरतात, पण फक्त ऑफिसची पेनं.’

पेनं वाचून काकूंना शंका आली. त्यांनी स्वतःचा लेख पहिल्यांदाच वाचला आणि त्या हबकल्या. कारण काका पंख्यांच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. तांब्याच्या तारेपासून स्क्रूपर्यंत सगळ्या मालाच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला असायच्या.

काका घरी आले ते लालबुंद होऊन. "आज गेटवर वॉचमनने तुझा लेख वाचून माझा डबा उघडून बघितला! काय लिहिलंयस तू?"

"अहो, फोनने घोळ घातला. मी घोरतात म्हणाले होते."

"काय?" काकांचा रंग आणखी चढला. "मी घोरतो?"

"मग काय मी घोरते?"

"मी घोरत नाही! उभ्या जन्मात घोरलेलो नाही!"

"बरं. मग चोरता का?"

"चोरतही नाही! लेख काढून टाक."

"काढला तर लोक म्हणतील, नवऱ्याने दम दिला. मी एक अक्षर बदलते."

"खबरदार! चोर म्हटलेलं एक वेळ तपासता येतं. घोरतो म्हणून बोभाटा झाला की माणूस कुठे दाद मागणार?"

काकू अशा दमाला भिणाऱ्या नव्हत्या. त्यांनी लगेच खुलासा टाकला की शब्द घोरतात असा आहे. पण वाचकांना आता खऱ्याची चटक लागली होती आणि हे खरं त्यांना फारच मिळमिळीत वाटलं. ‘ताई, दबावाखाली लिहिताय ना? बोलता येत नसेल तर नुसतं टिंब टाका. आम्ही समजू.’

काकूंनी संतापून लिहिलं, ‘नाही.’

शाळेपासूनची शिस्त! वाक्य संपलं की पूर्णविराम. ‘टिंब आलं!’ अशी एकच बोंब उठली आणि कुणीतरी लेख थेट कारखान्याच्या मॅनेजरसाहेबांना पाठवून दिला.

साहेबांनी दोघांनाही बोलावलं. टेबलावर काकांकडून काढून घेतलेल्या किल्ल्या आणि लेखाची छापील प्रत होती. रक्तातच आहे, या वाक्याखाली लाल रेघ होती.

"माल मोजला," साहेब म्हणाले. "एक स्क्रूसुद्धा कमी नाही. पण मालक म्हणतात, लोकांची तोंडं बंद करा, नाहीतर स्टोअरकीपर बदला. बाई, तुम्ही एवढंच करा. हा ब्लॉग म्हणजे निव्वळ कल्पना आहे, आजवर लिहिलेलं सगळं खोटं आहे, असं लिहा आणि तो बंद करा. विषय संपला. यांच्या किल्ल्या यांना परत मिळतील."

पडद्यांच्या चुण्यांपासून आजपर्यंत काकूंनी एक ओळ खोटी लिहिली नव्हती. कुणी वाचो न वाचो, ते त्यांचं स्वतःचं होतं. पण नवऱ्याच्या नोकरीपुढे ब्लॉग तो काय? त्यांनी मान खाली घालून फोन काढला.

"थांब," काका म्हणाले. "साहेब, हे जमणार नाही. माझी बायको खोटं लिहीत नाही."

काकू बघतच राहिल्या. आजवर या माणसाने ब्लॉगची एक ओळ वाचली नव्हती.

"म्हणजे तुम्ही चोरता?" साहेबांनी विचारलं.

"नाही!"

"ती खोटं लिहीत नाही आणि तुम्ही चोरत नाही. मग?"

काकांनी खिडकीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. दाराबाहेर निम्मा कारखाना कान लावून उभा होता. "घोरतो," ते पुटपुटले.

"काय?"

"घोरतो, साहेब! दणदणीत घोरतो! वडील घोरायचे, मी घोरतो, शेजारच्यांना ऐकू जातं! घ घराचा! लिहून घ्या!"

साहेबांनी खरंच लिहून घेतलं आणि काकांची सही घेतली. मग काकूंकडे वळून म्हणाले, "ठीक आहे. आता तो लेख तेवढा काढून टाका."

"नाही काढणार!" काकू ताडकन उठल्या. "अक्षर चुकलं होतं, ते दुरुस्त करेन. बाकी एक टाकासुद्धा उसवणार नाही. माझ्या माणसाने सगळ्यांसमोर माझी बाजू घेतली, आता तर मी सगळं लिहिणार!"

साहेबांनी टेबलावरचा किल्ल्यांचा जुडगा उचलून काकांच्या हातात ठेवला.

घरी परतताना कोपऱ्यावर काका म्हणाले, "तिथे म्हणालो ते फक्त तुझ्यासाठी. एरवी मी घोरत नाही, हे लक्षात ठेव."

काकूंना एकदम भरून आलं. हो म्हणावं आणि एवढं एक खोटं या माणसासाठी लिहून टाकावं, असं त्यांना मनापासून वाटलं. पण मग त्याने साहेबांसमोर दिलेला शब्दच खोटा ठरला असता.

घरी येऊन त्यांनी मशीन बंद ठेवलं आणि एकेक अक्षर बोटाने टाइप करत जे घडलं ते सगळं लिहिलं. चोरीच्या ओढीने आलेले वाचक ‘हात्तिच्या!’ म्हणत पांगले. संध्याकाळपर्यंत पुन्हा तेच बोटांवर मोजण्याइतके उरले. काकूंनी त्याची पर्वा केली नाही. ज्यांना जायचंय त्यांनी खुशाल जावं.

फक्त एका नव्या वाचकाची नोंद दिसली. आतल्या खोलीत काका चष्मा लावून फोनवर काहीतरी टाइप करत बसले होते. जरा वेळाने लेखाखाली त्यांचा अभिप्राय उमटला:

‘लेख आवडला. माहिती चुकीची आहे.’