जुनं पान परत द्या

दर चौथ्या गुरुवारी सकाळी साडेसातला आमची बेल वाजते. एकदाच वाजते आणि मग बाहेर कोणीतरी घसा खाकरतं. दार उघडावं तर समोर आमचे शेजारी सावंतकाका. एका हातात कागद, दुसरा हात पसरलेला.

"नवं पान घे, जुनं परत दे."

"काका, कुकर लावलाय हो!"

"कुकर बंद कर. नवं हरवलं तरी चालेल गं, जुनं घरात राहता कामा नये."

हे पान म्हणजे आमच्या सोसायटीत कसं यायचं त्याचा नकाशा. घाटकोपर पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी आम्ही राहतो. मेट्रोतून उतरलेल्या पाहुण्याने कुठे वळावं, कुठल्या गेटने शिरावं, कुठली लिफ्ट धरावी, हे सगळं काका पट्टी-पेन्सिल घेऊन काढतात आणि झेरॉक्स करून वीस घरांत वाटतात. दर अठ्ठावीस दिवसांनी त्यात सुधारणा. खाली सूचना असतात. 'बी विंगची लिफ्ट तिसऱ्यावर थांबत नाही. चौथ्यावर उतरून एक जिना खाली यावे.' 'शहांच्या ओट्याखाली कुत्री व्यायली आहे. उजव्या कडेने, तिच्याकडे न बघता यावे.'

आता मी बँकेत नोकरी करते. दिवसभर लोकांचे कागद बघून डोकं उठलेलं असतं, त्यात सकाळी सकाळी हा माणूस. एकदा मी जुन्या पानावर भजी निथळायला ठेवली आणि पान कचऱ्यात टाकलं. काका दारातून हललेच नाहीत. शेवटी चरफडत मी डबा उपसला आणि ते तेलकट पान त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते माझ्यासमोर उभं फाडलं, आडवं फाडलं, चार तुकडे खिशात घातले. "फाडलं की सुटलो," म्हणाले आणि पुढच्या घराची बेल वाजवली. सदऱ्याला तेलाचा डाग पडला त्याचं काही नाही.

काकांनी लग्न केलं नाही. तीसेक वर्षं एका विमान कंपनीत होते, ती कधीच बंद पडली. मला वाटायचं काका विमानाशी संबंधित काहीतरी जबरदस्त करत असतील. तर काम काय, वैमानिकांच्या नकाशांच्या फायली सांभाळायच्या. विमानतळावर उतरायची वाट जरा बदलली की नवं पान छापून यायचं. काकांनी प्रत्येक फायलीतलं जुनं काढायचं, नवं लावायचं, जुनी मोजून नष्ट करायची. अजूनही घरावरून विमान उतरायला लागलं की ते बोलता बोलता थांबतात. विमान डोंगरापलीकडे गेलं की, "हं, बरोबर आलं," आणि मग राहिलेलं वाक्य पुरं करतात.

मागच्या महिन्यात मात्र काका भलत्याच दिवशी आले. हातात पान नव्हतं, सोलकढीचं पातेलं होतं.

"वर्षा, रविवारी कॅप्टन रेगे जेवायला येतायत. बोरिवलीहून. सोलकढीत मीठ बेताचं झालंय का, चाखून बघ."

"आज मंगळवार आहे काका."

"रंगीत तालीम गो ती!"

सोलकढी झकास होती, पण काका पातेलं धरून दारातच उभे राहिले. मी त्यांना खुर्चीत बसवलं. मग म्हातारा बोलायला लागला.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. बावीस फायली होत्या. काकांनी नवी पानं बावीस लावली आणि जुनी काढली एकवीस. वहीत लिहिलं बावीस. "मॅच चालू होती गं रेडिओवर. शेवटच्या दोन ओव्हर राहिलेल्या." ते बाविसावं पान कॅप्टन रेग्यांच्या फायलीत राहिलं. दक्षिणेतल्या एका डोंगराळ विमानतळावर उतरताना रेग्यांनी नेमकं तेच उघडलं. जुन्या पानावर टेकडीआधी डावीकडे वळायचं होतं. शेजारच्या सहवैमानिकाच्या नव्या पानावर सरळ जाऊन मग वळायचं होतं. एक म्हणतो डावीकडे, दुसरा म्हणतो सरळ, खाली ढग. रेग्यांनी विमान वर घेतलं, टॉवरला विचारलं, एक मोठी चक्कर मारली आणि सुखरूप उतरले. अकरा मिनिटं उशीर झाला, प्रवाशांना काही कळलं नाही. चौकशीत रेगे म्हणाले, "चूक माझी. मी दुसऱ्याच धावपट्टीचं पान उघडलं." फायलीत तर जुनं पान सापडलंच नाही.

"मी गप्प बसलो, वर्षा. त्यांना ठपका मिळाला आणि मी गप्प. चौकशी चालू असतानाच जुनी मोजली तेव्हा कळलं, एक पान कमी. ते खंय गेलां, साहेबांना माहीत होतं का, आजवर विचारलं नाही. रविवारी सांगणार. मग जेवले नाहीत तरी चालेल."

मी आणखी एक वाटी सोलकढी प्यायले.

रविवारी साडेबारापासून काका गॅलरीत उभे, मी मदतीला त्यांच्याकडेच. पाऊणला फोन लागला तो त्यांनी स्पीकरवर टाकला.

"साहेब, कुठे आहात?"

"रसवंतीसमोर. तिसऱ्यांदा!" पलीकडून जाड आवाज आला. "हा माझा ड्रायव्हर म्हणतो डावीकडे घ्या. तुझं पान म्हणतं सरळ."

"कुठलं पान, साहेब?"

"माझ्या मोबाइलवर आहे ते. त्याच्या हातात तू आधी कुरियर केलेलं आहे."

गुरुवारी पालिकेने गल्ली खणली, पुढचं गेट बंद झालं, म्हणून काकांनी फोनवर नवं पान पाठवलं होतं. पण जुनं? आमच्याकडून कचऱ्यातून काढून घेणारा हा माणूस, साहेबांकडे ते परत मागायची त्याची छाती झाली नव्हती.

"वाट लागली. गाडीत दोन पानं आहेत गो!" त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

मी गाऊनवर ओढणी टाकली आणि धावले. रसवंतीसमोर गाडी उभी, आत दोघांचं भांडण चालू. मी पुढे झाले आणि दोन्ही हात हलवत मागच्या गेटपर्यंत त्या गाडीपुढे चालत आले. सगळी सोसायटी खिडक्यांत उभी होती. बघू दे.

कॅप्टन रेगे उंच, थोडे वाकलेले, हसरे. दारातच म्हणाले, "सावंत, एका गाडीत दोन पानं! अजून तसाच आहेस रे."

काका हात जोडून उभे. "साहेब, त्या वेळी ते—"

"आधी जेवू दे. भूक लागलीय."

कोळंबी दोनदा वाढून घेतली, सोलकढी तीनदा. काका नुसते वाढत होते. हात धुऊन आल्यावर रेग्यांनी खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत घडी घातलेला एक पिवळा कागद होता.

"तुझं एक पान कमी पडत होतं ना?"

काकांनी चष्मा लावून कागदाकडे बघितलं.

"उतरल्या उतरल्या मी ते फायलीतून काढून खिशात घातलं. तुझी नोकरी गेली असती रे. माझं काय, दोन आठवडे घरी बसवलं, बायको खूश झाली."

"साहेब, मी मॅच ऐकत होतो."

"असं होय? मग जिंकलो का?"

"हरलो."

रेगे खो खो हसले. काका हसायला गेले आणि ढसाढसा रडले. मीही रडले, खोटं कशाला सांगू! थोड्या वेळाने काकांनी ते पान हातात घेतलं, उभं फाडलं, आडवं फाडलं, चार तुकडे खिशात घातले. नेहमीचं वाक्य मात्र त्यांना म्हणता आलं नाही. ते रेग्यांनी म्हटलं, "सुटलास."

परवा चौथा गुरुवार होता. बेल वाजली, घसा खाकरला. काकांनी नवं पान दिलं. खाली नवी सूचना होती, 'दुसऱ्या रविवारी कॅप्टन रेगे येतात. मागच्या गेटपाशी स्कूटर लावू नयेत.' मी वाचेपर्यंत काका जिन्याकडे वळलेसुद्धा.

"अहो काका, जुनं पान?"

"राहू दे गं. असलं एखादं घरात."

मला रागच आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी जुनं पान आदल्या दिवशीच काढून, घडी घालून तयार ठेवलं होतं. कुकर शिट्टीवर शिट्टी देत होता. मी तशीच त्यांच्या मागे जिना उतरले आणि ते पान त्यांच्या हातात कोंबलं.

"फाडा हो. मला त्याशिवाय गुरुवार झाल्यासारखा वाटत नाही."